दहाची घंटा

"वाडीतले पाचवी ते सातवीचे वर्ग बंद. पोरं टेकडीपलीकडच्या शाळेत जातील. नकाशावर वीस मिनिटांची तर वाट!" शिक्षणाधिकारी ढवळेसाहेबांनी पालकांच्या सभेत ठणकावलं.

रेणुका उठून उभी राहिली. तिची मुलगी चिंगी यंदाच पाचवीत गेली होती.

"साहेब, उद्या साडेनऊला त्या शाळेतून निघून इथं पायी या. दहाच्या घंटेला पोचलात, की आम्ही सगळे पालक संमतीच्या कागदावर सह्या करतो."

साहेब हसत कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी साहेब उगवले अकराला, घामाघूम, बूट हातात धरून. रेणुकानं त्यांना वाडीच्या शाळेत, वर्गाच्या दारातच अडवलं.

"उशिरा येणाऱ्यानं अंगठे धरून बाहेर उभं राहायचं, ही शाळेची रीत. तुम्हाला आज माफ केलं, साहेब. माझ्या चिंगीला रोज कोण माफ करणार?"

साहेबांनी तो संमतीचा कागद मागून घेतला आणि दारातच फाडला.