शिवणीची परी आणि पांगुळगाडा

वेणूच्या घराला दार नव्हतं.

चौकट होती. वेणूच्या बाबांनीच ती बसवली होती. बाबा गावचे सुतार. त्यांनी गावातल्या कितीतरी घरांना दारं करून दिली, आणि आता आपलं दार करायचं म्हणून बिजागऱ्याही आणून ठेवल्या. पण एका घराचं छप्पर घालताना ते वरून पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हापासून चौकटीत नुसतं एक गोणपाट लोंबत होतं. त्यातून पौषातला बोचरा वारा आत शिरायचा आणि चुलीजवळ निजलेल्या आईला खोकल्याची ढास लागायची.

"आई, पाणी देऊ?" इवलीशी वेणू विचारायची.

"नको बाळ. तू जवळ बस, म्हणजे झालं," आई म्हणायची.

एके दिवशी सकाळी वेणू काटक्या वेचायला रानात गेली. रान दवानं चमचमत होतं. गवताच्या पात्यापात्यावर थेंबुल्या लखलखत होत्या. तिथं तिला एक शिवणीचं झाड दिसलं. कुणीतरी त्याच्यावर कुऱ्हाडीचे घाव घातले होते आणि झाड अर्धवट तोडून तसंच सोडून दिलं होतं. घावातून पाणी झिरपत होतं.

"किती दुखत असेल गं तुला!" वेणू म्हणाली. ओढ्याची ओली माती आणून तिनं घावावर लिंपली. मग आपल्या ओढणीचा काठ फाडून वरून पट्टी बांधली. ओढणी एकच होती, पण वेणूनं त्याचा विचारच केला नाही.

तेवढ्यात पानांमधून पिवळा पिवळा उजेड पाझरला आणि त्यातून एक परी खाली उतरली. बोटभर उंचीची, पिटुकली! रंध्यातून निघतात ना लाकडाच्या पातळ, सोनेरी सुरळ्या, तसे तिचे पंख होते. अंगात शिवणीच्या फुलाचा झगा होता. ती हलली की ताज्या लाकडाचा वास दरवळायचा.

"मी या झाडाची परी," ती म्हणाली. "तू माझ्या झाडाला पट्टी बांधलीस. आता तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं. लाकूड जे देऊ शकतं, तेवढंच मागायचं. मी लाकूड देईन आणि कसं करायचं ते शिकवीन, पण करायचं तुझ्याच हातांनी. आणि तिसऱ्या इच्छेचं काम पुरं झालं, की मी जाईन. पुन्हा कधीच यायची नाही."

वेणूला बाकीचं काही ऐकूच आलं नाही. ती एकदम म्हणाली, "माझे बाबा परत दे!"

परीचे पंख मिटले. तिच्या गालावरून दोन चिमुकले मोती ओघळले. "ते कुठल्याच लाकडात नाही गं राणी," ती हळूच म्हणाली.

वेणू खूप वेळ झाडाला टेकून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तर मग दार दे. आईला थंडी वाजते."

झाडाखाली सुकलेल्या, फिकट पिवळ्या फळ्या येऊन पडल्या. त्या इतक्या हलक्या होत्या, की वेणूनं त्या एकेक करून घरी नेल्या. बाबांची हत्यारं एका फडक्यात बांधलेली होती, ती तिनं सोडली. परी तिच्या खांद्यावर बसून सांगू लागली.

"कापण्याआधी पुन्हा एकदा माप. कापलेलं लाकूड काही वाढत नाही. रंधा रेषांच्या दिशेनं चालव, उलटा चालवलास की लाकूड चिडतं, उचकटतं. खिळ्याआधी गिरमिटानं भोक पाड, म्हणजे फळी फुटणार नाही. आणि दार चौकटीत अगदी घट्ट नको बसवू. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला श्वास घ्यायला फट ठेव."

वेणूच्या तळहातांना फोड आले, पण दार झालं. शेजारच्या कृष्णाकाकूनं ते उचलून धरलं आणि वेणूनं बिजागऱ्या बसवल्या. काकूची चार वर्षांची छबी टाळ्या वाजवत अंगणभर नाचली. खांद्यावरची परी मात्र त्या दोघींना दिसली नाही.

संध्याकाळी वेणूनं दार लावलं. आई बराच वेळ बघत राहिली. "आज दिवा फडफडला नाही गं," ती म्हणाली.

पण खोकला थांबेना. चुलीचा धूर घरातच कोंडायचा. म्हणून वेणूनं दुसरी इच्छा मागितली, एका खिडकीची. परीनं तिला कुसू करायला शिकवलं. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तेवढीच खाच, मग दोन्ही एकमेकांत अशी बसतात की खिळा लागतच नाही. खिडकी भिंतीत बसली, तसा धूर झुळझुळत बाहेर गेला आणि समोरची टेकडी आत आली. टेकडीवर पळस फुलले होते, लाल, केशरी, जणू कुणी फुलांची होळी पेटवली होती.

आई दिवसभर तिकडं बघायची. "माझी लेक सुतारीण झाली," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एका दुपारी वेणू पेज घेऊन आली, तेव्हा आईचे डोळे खिडकीकडेच होते. पेज निवून गेली. आई काही बोलली नाही.

वेणू रानात धावत गेली. "मी सगळं नीट केलं!" ती ओरडली. "मापं नीट घेतली, फट ठेवली, सगळं तू सांगितलंस तसं केलं. मग आई का गेली?"

परी तिच्या ओंजळीत उतरली. "दार वारा अडवतं, राणी. खिडकी धूर घालवते. तुझी आई शेवटचे दिवस उबेत होती, आणि फुलं बघत होती. तेवढंच आपल्या हातात होतं." आणि मग दोघीही रडल्या.

कृष्णाकाकू म्हणाली, "पोरी, आमच्याकडं चल राहायला." पण वेणूनं नाही म्हणून मान हलवली. ती काकूची भाकरी खायची, आणि दुपार झाली की रानात पळायची. परी तिला लाकडांच्या गोष्टी सांगायची, तिच्या केसांत सोनेरी सुरळ्या माळायची. आता वेणूला परीशिवाय कोण होतं? तिसरी इच्छा मागायचीच नाही, असं तिनं मनात ठरवून टाकलं.

श्रावणात छबीला ताप आला. ताप उतरला, पण पायांतलं बळ घेऊन गेला. छबी उंबऱ्यात बसून राहू लागली. पोरं खेळायला पळाली की ती हातांवर सरपटत थोडं जायची आणि मग मागं राहायची.

वैद्यबुवा म्हणाले, "हिला आताच उभं करा. धरून धरून चालू दे. असेच दिवस गेले, तर पाय कायमचे वाळतील."

"पांगुळगाडा हवा," काकू म्हणाली, "आणि तोही हिच्या उंचीचा. पण गावात सुतार कुठं राहिलाय आता?" बोलता बोलता तिनं पदर तोंडाला लावला.

 वेणूनं रानातून पावसात पडलेली एक ओली फांदी आणली आणि तिचाच पांगुळगाडा केला. छबी हसत उभी राहिली. पण ऊन पडलं, लाकूड सुकू लागलं आणि एक चाक तडकलं. छबी तोंडावर आपटली. तिच्या हनुवटीतून रक्त आलं. तरी ती वेणूलाच म्हणाली, "ताई, तू रडू नको. मला लागलं नाही."

वेणू रानात गेली. पाय उचलत नव्हते.

"ओलं लाकूड सुकताना आक्रसतं," परी म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं.

"तू नाही गेलीस तर नाही का चालणार?" वेणूनं विचारलं.

"नियम मी केले नाहीत गं."

 झाडाचा घाव आता भरला होता. त्यावरून हात फिरवत वेणू म्हणाली, "छबीला सुकं लाकूड दे. चाकांसाठी चिवट दे."

मग वेणूनं नवा पांगुळगाडा केला. तीन गोल गरगरीत चाकं, छबीच्या छातीएवढी दांडी, प्रत्येक सांध्यात कुसू. सगळं झालं तरी वेणू दांडी घासतच राहिली. पुन्हा घासली, पुन्हा घासली.

"गुळगुळीत झाली गं," परी तिच्या कानाशी हळूच म्हणाली. "आता ने."

अंगणात कोवळं ऊन होतं. काकूनं छबीला उभं केलं. छबीनं दांडी धरली. गुडघे थरथरले. एक पाऊल पडलं. मग दुसरं. चाकं कुरकुर कुरकुर बोलू लागली.

वेणूच्या खांद्यावर एकदम ऊब पसरली. "तुझे हात फार मायेचे आहेत, वेणू," परी म्हणाली. "आता एकटी राहू नकोस." पिवळा, केशरी, सोनेरी उजेड अंगणभर झळाळला, क्षणभर सगळीकडं ताज्या लाकडाचा वास सुटला, आणि खांदा हलका झाला. वेणूनं तिथं हात नेला. काहीच नव्हतं.

काकूला वाटलं, पोर आनंदानं रडतेय. तिनं वेणूला कुशीत ओढून घेतलं. "आजपासून तू इथंच राहायचं. माझ्या दोन लेकी," ती म्हणाली. या वेळी वेणू नाही म्हणाली नाही. तिनं काकूच्या पदरात तोंड लपवलं आणि ती पोटभर रडली.

छबी तोवर अंगणाच्या टोकाला पोचली होती. पुढं कुंपण होतं आणि तिला वळता येत नव्हतं.

"वेणूताई! अगं, मला वळव ना!"

वेणूनं डोळे पुसले आणि ती धावली.