बारशाला आणलेलं इंद्रधनुष्य

आमच्या नव्हे, पलीकडच्या गावात एक भोळा इस्त्रीवाला होता. नाव गुणाजी. तोंडात पाणी भरून कपड्यावर असं फुर्र करायचा की धुकं पडल्यासारखं वाटावं. तेवढं एक त्याला येत होतं. बाकी सांगाल ते सगळं करायचा, हीच रड.

त्याच्या तान्ह्या मुलाचं बारसं होतं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. पण त्याची पाच वर्षांची लेक बकुळी पाळण्याची दोरी धरून बसली.

"आधी इंद्रधनुष्य आणा. बाळाच्या डोक्यावर टांगायचं. नाहीतर मी नाव ठेवू देणार नाही."

"कुठं मिळतं गं ते?"

"विहिरीवर पाणी प्यायला उतरतं. त्याला रंगीत शेपूट असते."

शेजारची सोनी म्हणाली, "हट्! आभाळानं लुगडं वाळत घातलेलं असतं ते."

लुगडं म्हटल्यावर गुणाजी गाठोड्याचं फडकं घेऊन निघाला. नुकती सर पडून गेली होती. विहिरीपलीकडे धनुष्य उभंच होतं. हा पुढं गेला, ते मागं सरकलं. हा धावला, ते विरलं. रिकामं फडकं घेऊन स्वारी घरी.

बायको भामा म्हणाली, "अहो, पळणाऱ्याच्या मागं धावू नये. पाठ करून गप्प उभं राहावं. आपणच येतं."

"बरं."

तेवढ्यात शेळी सुटली. बाळाचं नवं टोपडं तोंडात धरून पळाली. गुणाजी पाठ करून गप्प उभा राहिला. शेळी खरंच आली. टोपडं संपवून आली.

"अहो, तोंडात काही दिसलं की जबडा उघडून काढावं की नाही!"

"बरं."

मग आली आत्या, गुणाजीची थोरली बहीण द्वारकाआक्का. नाव ठेवणार ती, तिच्याशिवाय बारसं व्हायचं कसं? आक्का विडा चघळत दारात उभी राहिली. गुणाजीनं जबडा उघडला आणि विडा काढून घेतला.

"मुडद्या! बहिणीच्या तोंडात हात घालतोस? ठेव तूच नाव!" आक्का लालबुंद झाली. निघालीच चपला शोधायला.

भामा रडकुंडीला आली. "अहो, असं लालबुंद झालेल्याला आधी गार पाणी द्यावं."

"बरं."

पाणी दिलं. आक्का प्याली, निवली. पहिल्यांदाच काहीतरी बरोबर जमलं, आणि तिथंच घात झाला.

बकुळीनं दोरी सोडली नाही, पण आक्का तशीच बाळाच्या कानाशी वाकली. जमलेल्या बायका रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घालायला सरसावल्या. एवढी गर्दी बघून बाळानं टाहो फोडला. रडून रडून लालबुंद झालं.

लालबुंद! गुणाजीनं तांब्या उचलला. पण एवढ्याशा तोंडात तांब्या मावणार कसा? मग त्यानं डोकं चालवलं. पाणी आपल्याच तोंडात भरलं, आणि फुर्रर्र!

दारातून तिरपं ऊन त्याच्या पाठीवर पडत होतं. पाळण्यावर रंगांची कमान उभी राहिली.

"आलं! बाबा, पाणी प्यायला आलं!" बकुळी दोरी सोडून नाचायला लागली. बाळ रडायचं थांबून वर बघत राहिलं.

चिंब भिजलेली आक्का तेवढी किंचाळली, "अरे गाढवा!"

तेही बाळाच्या कानात.

बायकांचे उगारलेले बुक्के हवेतच राहिले. आत्या कानात म्हणेल तेच नाव.

"बरं," म्हणत गुणाजी घुगऱ्यांची परात घेऊन गल्लीत निघाला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं मूठभर घुगऱ्या घेतल्या आणि विचारलं, "काय रे, नाव काय?"

गुणाजीनं छाती काढली. "गाढव!"

"तुझं नाही रे," म्हातारा म्हणाला, "पोराचं."