गाडग्याचं विरजण

भांडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. आता नुसती आपटतात. एका गाडग्याकडे झकास विरजण होतं. मागेल त्याला पुढे वाटणार असाल, तर ते फुकट. झाकण लावून दही विकणार असाल, तर गाडग्याला रोज वाटीभर दूध द्यायचं, कारण दुधावाचून विरजण मरतं.

"वाटणारच की, गाडगेभाऊ," म्हणत चिनीमातीच्या बरणीने विरजण नेलं, झाकण घट्ट लावलं आणि दह्याचं दुकान थाटलं. गाडग्याने दूध मागितलं, तर म्हणाली, "तुमचंच विरजण कशावरून?" गिऱ्हाईक वाट्या दुकानापुढच्या रांगेत उभ्याच राहिल्या. त्यांना दही स्वस्त मिळत होतं.

गाडगं कोरडं पडलं. शेवटी बरणीकडे गेलं. "बाई, बोटभर विरजण दे."

"दही विकत घ्या. पण इथंच खायचं, विरजण लावायचं नाही. वाटी धुऊन परत द्यायची."

गाडगं नियमाचं पक्कं. त्याने वाटी धुऊन दिली.