पिवळ्या दोऱ्याचे चौतीस बैल

पूर्वी अश्मक देशात पोतली नगरावर एक समंजस राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका मलम करणाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचं नाव सोमिल. मोठा झाल्यावर तो करंजाचं तेल, हळद, राळ आणि मेण एकत्र कढवून बैलांच्या खांद्याचं मलम करू लागला. जू घासून घासून बैलाचा खांदा आधी सुजतो, मग सोलतो, मग फुटतो. तसा बैल जू दिसलं की मान मागे ओढतो आणि त्याचे डोळे भरून येतात. ज्याने कधी गाडी हाकली आहे त्याला हे सांगायला नको. सोमिलच्या मलमाने असा खांदा दहा-बारा दिवसांत भरून येई.

मलम चांगलं होतं, पण ते आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पोतलीला कार्तिकात बैलांची मोठी जत्रा भरे. बाजाराच्या ओळीत नव्या माणसाला जागा मिळे ती तीन जत्रांपुरती. तिसऱ्या जत्रेतही दुकान चाललं नाही तर व्यापाऱ्यांचे पंच ती जागा काढून दुसऱ्याला देत. सोमिलच्या दोन जत्रा कोरड्या गेल्या होत्या आणि तिसरी महिन्यावर आली होती.

दुकानात त्याचा भागीदार होता त्याचा मेहुणा, कोटिक. कोटिक आधी नदीवर होड्यांतली पोती उतरवायचं काम करी. त्या कामाने त्याची पाठ अशी धरली होती की सकाळी अंथरुणातून उठायला त्याला भिंतीचा आधार लागे. जागा गेली तर परत तीच पोती. पण माणूस मोठा हौशी. जत्रा जवळ आली तसे त्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

"दाजी, औंदा आपण पोतली हलवून सोडायची!" तो म्हणाला. "सांगा, किती पैसे आहेत आपल्याकडं?"

"साठ कार्षापण," सोमिल म्हणाला. "दुकानाचं नाव लोकांपर्यंत पोचवायला एवढेच. मलमाच्या सामानाचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही."

सोमिलला हिशेब डोळ्यांपुढे मांडलेला लागे. त्याने नाण्याला एक असे साठ चिंचोके मोजून चटईवर ओतले. कोटिकची थोरली बहीण, म्हणजे सोमिलची बायको नागश्री, हळदीचे हात पुसत येऊन बसली.

कोटिकने लगेच तीस चिंचोके आपल्याकडे ओढले. "हे हत्तीला!"

"हत्ती कशाला रे?"

"अक्का, हत्ती म्हणजे हत्ती! पाठीवर पिवळी झूल, दोन्ही अंगाला रंगवलेले बैल, वर मी बसलेला. चारी वेशींतून फिरायचं. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे मागं!"

"पोरंबाळं मलम घेतील?" नागश्री म्हणाली. "आणि तुला भिंत धरून उठायला लागतं, हत्तीवर चढवायला काय शिडी भाड्यानं आणायची?"

कोटिक खो खो हसला, पण चिंचोके सोडीना. सोमिलने ते त्याच्या मुठीतून एकेक करून सोडवले.

"हत्ती बघणारा हत्तीच लक्षात ठेवतो, कोटिका. गाडीवान कशावर विश्वास ठेवतो? जू पुढं केल्यावर बैल मान मागं घेतो का, यावर. म्हणून पंधरा चिंचोके नदीच्या उतारावर. तिथं रोज गाड्या नदी ओलांडतात. महिनाभर बसून फुकट मलम लावायचं. पाच दोऱ्यांना."

दोऱ्याची कल्पना नागश्रीची. मलम लावलेल्या प्रत्येक बैलाच्या शिंगाला हळदीत रंगवलेला दोरा बांधायचा, म्हणजे जत्रेत तो ओळखू येईल.

"तीस दवंडीला," सोमिल पुढे म्हणाला. "जत्रेचे पाची दिवस, चारी वेशींवर डफ वाजला पाहिजे."

डफ म्हटल्यावर कोटिकचा चेहरा पुन्हा उजळला. "आणि हे दहा उरले ते?"

"ते न ठरवलेल्याला."

"न ठरवलेलं म्हणजे काय?"

"ठरलं असतं तर नाव नसतं का सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून कोटिक उतारावर बसू लागला, आणि त्याला त्या कामाची भलतीच गोडी लागली. गाडी दिसली की तो पाठ विसरून धावे. मलम लावी, दोरा बांधी, आणि वर जत्रेचं आमंत्रण देई. "कार्तिकात या हां! डफ ऐकू आला की डावीकडं वळा!" आठवड्याभरात पोतलीच्या रस्त्यांवर पिवळे दोरे दिसू लागले. संध्याकाळी घरी येऊन तो बोटांवर मोजी, "दाजी, आज अकरा! अकरा शिंगं आपली!"

"अकरा बैलांची शिंगं बावीस होतात," नागश्री म्हणे.

जत्रेला चोवीस दिवस उरले असताना उतारावर एक मोठा तांडा आला. सतरा गाड्या, चौतीस बैल, सगळ्या गाड्यांवर कापसाचे गठ्ठे. कोटिकला आनंद मावेना. मलमाचं मडकं उचलून तो पळतच गेला आणि पहिल्या बैलापाशी थबकला. तो बैल एका शिंगाने मुडपलेला होता. त्याचा खांदा पार फुटलेला होता, माश्या बसत होत्या, आणि त्याला त्या हाकलायचंही भान नव्हतं. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच.

तांड्याचा नायक रोहण खाली उतरला. उन्हाने करपलेला, थकलेला माणूस.

"काय नायक, जत्रेला का?" कोटिकने विचारलं.

"जत्रेला कुठं बाबा? आम्ही उलटे चाललोय, समुद्राकडं. पाच दिवसांवर घाट आहे, तो उतरायचा." रोहणने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "आणि घाटमाथ्यावर रीत आहे. वरच्याने खालून चढणाऱ्याला आपले बैल जुंपायला द्यायचे, त्याच्या गाड्या वर येईपर्यंत. ह्या असल्या खांद्यांनी काय देणार? आपल्याच गाड्या जातील का खाली, कोण जाणे."

कोटिकने पुढचं नीट ऐकलंच नाही. उलटे चाललोय, एवढंच त्याच्या कानात राहिलं. त्याने एक बोट मलम लावल्यासारखं केलं आणि घर गाठलं.

सोमिल सगळं ऐकून उतारावर आला. एकेका बैलापाशी उभा राहिला. मग रोहणला म्हणाला, "हे नुसत्या मलमानं व्हायचं नाही. बारा दिवस जू काढून ठेवायला लागेल."

"बारा दिवस बसलो तर ह्यांना खायला काय घालू? माझ्यापाशी वाटेपुरतीच वैरण आहे."

सोमिलने मान हलवली आणि घरी येऊन चिंचोके पुन्हा चटईवर ओतले. चौतीस बैलांना बारा दिवसांची वैरण म्हणजे चाळीस कार्षापण. न ठरवलेल्याचे दहा त्याने आधी सरकवले. मग दवंडीचे तीसही सरकवले.

कोटिक उठून उभा राहिला. भिंत न धरता उठला, एवढा तो चिडला होता. "दाजी, ते जत्रेला येणार नाहीत! उलटे चाललेत, उलटे! आपला डफ त्यांच्या वैरणीत घालता?"

"बैलांना कुठं ठाऊक आहे जत्रा कुणीकडं आहे ते?"

नागश्रीने विचारलं, "अहो, आणि माझ्या भावाच्या पाठीचं काय?"

सोमिलने चिंचोक्यांकडे पाहिलं. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "जागा गेली तर नदीवर पहिलं पोतं मी उचलीन, एवढं सांगतो. पण कोटिका, हे पैसे तुझेही आहेत. तू नाही म्हणालास तर मी ते हलवणार नाही."

कोटिक तरातरा बाहेर गेला. उतारावर तो मुडपल्या शिंगाचा बैल बसला होता. कोटिक जवळ गेला तेव्हा तो उठू लागला, आणि उठता उठता त्याने अंगाचा भार शेजारच्या दगडावर टाकला. थेट कोटिकसारखाच. कोटिक त्याच्याकडे बघत राहिला. मग घरी येऊन त्याने पैसे उचलले आणि वैरणवाल्याकडे गेला.

ते बारा दिवस, बरं का, कोटिकच्या जन्मातले निराळेच दिवस होते. पहिले चार दिवस तो फुगून होता. पाचव्या दिवशी मुडपल्याच्या खांद्यावर कडेने कोवळी कातडी धरलेली दिसली, आणि हा गडी ओरडतच घरी आला, "अक्का! धरली! कातडी धरली!" मग कुठला डफ आणि कुठला हत्ती. रोज सकाळी तो चौतीस खांद्यांवरून हात फिरवी आणि कुणाचा किती भरला ते सांगे. बाराव्या दिवशी रोहणने भीतभीत जू पुढे केलं, तेव्हा मुडपल्याने आपणहून मान खाली घातली. रोहण तोंड फिरवून उभा राहिला.

जाताना नागश्रीने प्रत्येक शिंगाला पिवळा दोरा बांधला.

"अक्का, तिकडं कोण ओळखणार आहे?" कोटिक म्हणाला. "समुद्रातले मासे?"

"असू दे. रंगवलेत ते उगाच पडून राहतील," ती म्हणाली.

जत्रा उघडली. पहिल्याच सकाळी बाजारातून हत्ती निघाला. केसांच्या तेलाच्या एका व्यापाऱ्याने लावलेला होता तो. पाठीवर झूल, पुढे डफ, मागे अख्खी पोतली. कोटिक करंजाच्या झाडाखालच्या आपल्या दुकानाच्या फळीवर उभा राहून बघत होता. हत्ती वळणाआड जाईपर्यंत त्याने मान खाली घातली नाही. उतारावरच्या ओळखीचे थोडे गाडीवान आले, पाच-सहा बोळकी मलम खपलं. संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या पंचांतले एक आजोबा येऊन गेले. भला माणूस, पण नियमाचा पक्का. "उद्या दिवसभर बघतो रे पोरांनो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणीच फिरकलं नाही. कोटिकने कमरेला पंचा घट्ट बांधला, पोती उचलताना बांधायचा तसा. सोमिलने ते पाहिलं. त्याने मलमाचं झाकण तीन वेळा उघडून लावलं.

इतक्यात पश्चिमेच्या वेशीकडून धूळ उठली. घाटात अडकल्यामुळे उशीर झालेले समुद्राकडचे तांडे एकदम आत येत होते. पुढचा गाडीवान बाजाराच्या तोंडाशीच ओरडला, "अहो, पिवळ्या दोऱ्याचं दुकान कुठं आहे?"

कोटिकला वाटलं आपल्याला भास झाला.

"पिवळ्या दोऱ्याचं! करंजाच्या झाडाखाली म्हणाला होता तो कापूसवाला!"

"इथं!" कोटिक किंचाळला. "इथं, इथं, ह्या बाजूला!"

गाडीवान येऊन दम खात सांगू लागला. "आमच्या साठ-सत्तर गाड्या घाटाखाली खोळंबल्या होत्या. वरून एका नायकाने बैल दिले. रीत म्हणून देतात सगळे, पण देतात ते मरतुकडे. ह्याचे बैल बघितले आणि आम्ही तोंडात बोटं घातली. कुणाचा खांदा दुखत नाही! जू दिसलं की मान पुढं! दोन दिवस आमच्या गाड्या ओढल्या त्यांनी. त्यात एक मुडपल्या शिंगाचा होता..."

"मुडपला!" कोटिकच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुडपल्यानं ओढली?"

"एकट्यानं दहा गाड्या चढवल्या म्हणा की. मी नायकाला विचारलं, काय लावतोस रे? तो म्हणाला, मी काही नाही, पोतलीला जा आणि पिवळा दोरा विचार. आता दे बघू लवकर, मागं सगळे उभे आहेत."

मागे खरंच सगळे उभे होते. ओळ पार कुंभारांच्या बोळापर्यंत गेली होती. सोमिल मलम काढीत होता, नागश्री बोळकी बांधून देत होती आणि कोटिक ओळीच्या कडेने नाचत सगळ्यांना मुडपल्याची गोष्ट सांगत होता. पंच आजोबांना दुकानाजवळ पोचायला गाड्यांच्या मधून अंग चोरून यावं लागलं.

"अरे, हे काय?" ते म्हणाले. "हत्ती तर तेलवाल्याचा होता. तुम्ही काय लावलंत?"

"चौतीस बैल लावले, आजोबा," कोटिक म्हणाला.

जत्रा संपायच्या आत मलम संपलं. जागा त्यांना कायमची मिळाली. घरी आल्यावर कोटिक म्हणाला, "दाजी, खरं सांगा. तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"घाटाची रीत तुलाच सांगितली होती ना त्यानं? तुला नाही सुचलं, तसं मलाही नाही. मला खांदे दिसत होते."

पुढच्या वर्षी चटईवर दोनशे चिंचोके पडले. कुणी सांगायची वाट न बघता कोटिकने त्यातले साठ बाजूला काढले. "हे न ठरवलेल्याला."

"आणि हत्तीला?" नागश्रीने विचारलं.

कोटिकने थोडा विचार केला आणि एक चिंचोका उचलला. "हा राहू दे. बघायला जाऊ."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनात एका उपासकाला सांगितली. त्याने वाटसरूंसाठी नवी धर्मशाळा बांधली होती, आणि तिची दवंडी पिटायला ठेवलेले पैसे मोडू नयेत म्हणून आदल्या दिवशी दारात आलेल्या एका आजारी वाटसरूला परत लावलं होतं. कथा संपवून शास्ता म्हणाले, "त्या वेळचा कोटिक तो तूच. नागश्री ती तुझ्यामागे बसलेली तुझी बहीण. रोहण नायक तो काल तुझ्या दारातून परत गेलेला वाटसरू. आणि मलम करणारा सोमिल तो मीच होतो. तो वाटसरू फार लांब गेला नसेल."

उपासकाने वंदन केलं आणि तो तसाच अनवाणी वेशीकडे धावत सुटला.

समोरचा आपल्या वाटेने चालला आहे की उलट्या, हे न विचारता त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवायचा, या गुणाला मैत्री म्हणतात. या जन्मात बोधिसत्त्वाने तोच मैत्रीचा गुण पूर्णत्वाला नेला.