महाराजांचा अंगठा आणि सगुणाचं पान

कवठाण्याच्या तुळाजीराव महाराजांचा चेंडू काही केल्या सरळ जात नव्हता. गॉल्फचं खूळ त्यांनी विलायतेहून आणलं होतं आणि गावाबाहेरच्या माळावर त्यासाठी हिरवळ राखली होती. पण काठी कशीही फिरवा, चेंडू निघायचा समोर आणि मध्येच उजवीकडे वळून पडायचा तातोबाच्या पानमळ्यात. शिकवायला पुण्याच्या छावणीतून एक साहेब आणला, तर तो भला माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला, "महाराज, आपली काठीवरची पकड चुकते." दुसऱ्या दिवशी त्याला परतीच्या गाडीत बसवलं.

साहेब गेला, पण चेंडू सुधारला नाही. मग महाराजांनी पुष्कळ विचार केला आणि दोष मळ्याचाच आहे असं ठरवून टाकलं.

"तुझा मळा आमचा चेंडू ओढतो," त्यांनी तातोबाला बोलावून सुनावलं. "अमावास्येच्या आत सगळ्या वेली उपटून टाक."

तातोबाच्या तोंडचं पाणी पळालं. वेली त्याच्या आज्यानं लावलेल्या, घर चालायचं ते त्यांच्याच जिवावर. त्याची लेक सगुणा मागेच उभी होती. तिनं खुडलेल्या पानावर कधी बोटाचा डाग दिसायचा नाही, इतका तिचा हात हलका. जीभ मात्र तेवढी हलकी नव्हती.

"महाराज, मळ्यानं ओढायचं सोडलं, तर राहील का जी मळा?"

दिवाणजींनी डोळे वटारले, पण महाराजांना गंमत वाटली. "राहील की. पण मळ्याला कुंपण घालायचं नाही, जाळी लावायची नाही. आमच्या काठीला कुणी हात लावायचा नाही. आणि आमच्या पकडीबद्दल जो चकार शब्द काढील, त्याचा मळा त्याच घटकेला गेला!"

"व्हय जी. परवा सकाळी मळ्याच्या बांधाशी या. जोडा तेवढा काढून ठेवा. पानमळ्यापाशी जोडा चालत न्हाई."

घरी आल्यावर तातोबानं डोक्याला हात लावला. "पोरी, हे काय कबूल करून बसलीस?"

"आप्पा, हुरड्याच्या टायमाला महाराजांचा डावा अंगठा आगटीत भाजला व्हता, आठवतंय? चिंधी बांधून दोन दिस खेळले. त्या दोन दिसांत आपल्या मळ्यात किती चेंडू पडले?"

तातोबानं आठवून पाहिलं. "एकबी न्हाई."

"पडायचा कसा? एरवी कुऱ्हाड धरल्यागत काठी आवळत्यात. तवा अंगठा दुखत व्हता, म्हणून तो काठीवर सरळ ठेवून उजव्या तळव्याखाली झाकला व्हता. आन् काठी धरली व्हती अगदी अलगद. म्या बांधावरनं बघत व्हते."

"मग तसं सांग की त्यांना!"

"सांगितलं की मळा गेला, आप्पा."

तिसऱ्या दिवशी महाराज खरंच अनवाणी आले. सगुणानं पुढं ताटली केली. तीत कोवळी पानं होती आणि चिमूटभर कुंकू.

"आपल्याच हातानं काठीला पान गुंडाळा जी. डाव्या अंगठ्याला कुंकू लावून तो पानावर सरळ ठेवा. हे मळ्याच्या मानाचं कुंकू, त्याला ऊन लागता कामा नये. उजव्या तळव्याची सावली धरा त्याच्यावर. आन् पान चुरगळलं, तर मळा ऐकायचा न्हाई."

"महाराज!" दिवाणजी पुढे सरसावले. "ही पकडीबद्दल बोलते आहे!"

"म्या पानाबद्दल बोलतेय आन् कुंकवाबद्दल," सगुणा म्हणाली. "पकडीचं नाव दिवाणसाहेबांनी काढलं."

महाराजांनी मान वळवली. "दिवाणजी, तुमचा मळा कुठे आहे हो?"

दिवाणजी चार पावलं मागे गेले.

पहिला चेंडू सवयीनं मळ्यातच गेला. सगुणानं पान मागून घेतलं आणि उलगडून दाखवलं. त्यावर बोटांचे काळे वळ उठले होते. "रुसला जी मळा. दुसरं घ्या." दुसऱ्या पानाचा चुरा झाला नाही, नुसत्या कडा दुमडल्या, आणि चेंडू बांधाला लागून थांबला. तिसऱ्या वेळी महाराजांनी काठी अशी धरली, जणू पान आत्ताच वेलीवरून खुडलंय. चेंडू उडाला, आणि सरळ, अगदी सरळ जाऊन निशाणाजवळ पडला.

"पाहिलंत?" महाराज आनंदानं ओरडले. "दोष मळ्याचाच होता! आता झाला ना तो राजी?"

खात्री करायला म्हणून त्यांनी पान काढून ताटलीत ठेवलं, कुंकू पुसलं आणि जुन्या जोमानं काठी आवळून टोला हाणला. चेंडू निघाला समोर, वळला उजवीकडे आणि वेलीत शिरला. तातोबानं डोळे मिटून घेतले.

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "काय गं? राजी झालेल्या मळ्यानं परत कसा ओढला?"

सगुणानं हात जोडले. "महाराज, मळा हाय तिथंच हाय. चेंडू तोच, काठी तीच, वारंबी तेच. बदललं काय, ते म्या सांगायचं न्हाई, अशी आपलीच अट हाय."

महाराजांनी चेंडू गेला तिकडे पाहिलं, मग ताटलीतल्या पानाकडे. त्यावर एक डाग नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि बराच वेळ न्याहाळले. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट. हसता हसता ते हिरवळीवर बसकण मारून बसले.

"दिवाणजी, हा मळा तातोबाला पिढ्यान्‌पिढ्या इनाम. दरबारचा विडा आजपासून याच मळ्याच्या पानांचा, आणि पहिला विडा आत्ताच लावा, या पानाचा." डोळे पुसून ते पुढे म्हणाले, "आणि छावणीतल्या त्या साहेबाला परत बोलवा. म्हणावं, ये, आणि आम्हाला कसं शिकवायचं ते आधी सगुणाबाईंकडून शिकून घे!"