सरनोबत वकिलांचा साक्षीदार

धाड! दाजीसाहेब सरनोबत वकिलांची टेबलावरची ती थाप ऐकून किती वर्षं झाली, पण अजून कानात आहे. थाप पडली की समजायचं, समोरचा साक्षीदार फुटला! मी त्यांचा शिपाई, कचेरीच्या दाराशी बसायचो.

एके दिवशी बँडवाल्या मुजावरांची नसीम दारात उभी राहिली. वकिलाचा मदतनीस होण्याची एक पदवी असते, तिचा अभ्यास ती करत होती. शेवटच्या वर्षी एखाद्या कचेरीत काम शिकावं लागतं, नाहीतर पदवी नाही. गावातले बाकीचे वकील झाडाखाली टेबल टाकून बसायचे. कचेरी म्हणावी अशी एकच.

"पुस्तकं वाचून कुठं कोर्ट कळतं?" दाजीसाहेब म्हणाले. "आमच्याकडं जागा नाही!"

"दाराशी बसेन, साहेब."

"तिथं हा बसलाय!"

"मामा सरकून बसतील."

मी सरकलोसुद्धा! ते पाहून दाजीसाहेब भडकलेच.

"असं? मग माझ्या उलटतपासणीत टिकेल असा एक साक्षीदार मला आणून दे. टिकला, तर तुझी जागा पक्की. फुटला, तर पुन्हा ही पायरी चढायची नाही!"

धाड!

मला पोरीचं वाईट वाटलं. त्या उलटतपासणीत भल्याभल्यांनी स्वतःच्या बापाचं नाव चुकवलेलं मी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नसीम साक्षीदार घेऊन आली. पाहतो तर बाबू गुरव! देवळात नारळ फोडता फोडता हा एका घरचं भांडण दुसऱ्या घराला सांगायचा, आणि तिसऱ्या घराला बदलून सांगायचा. बसलेले पक्षकार तोंडाला टॉवेल लावून हसू लागले.

"अगं, हा तर विचारायच्या आधीच फुटतो!" दाजीसाहेब म्हणाले.

बाबूचं तोंड उघडलं. नसीमनं डोळे वटारले. तोंड मिटलं.

दाजीसाहेबांनी बाह्या सारल्या. "हं, गुरव! परवा तुम्ही..."

"हरकत आहे, साहेब!" नसीम म्हणाली.

"अगं, प्रश्न तर पुरा होऊ दे!"

"आधी सांगा, हा साक्षीदार कुणी मागवला?"

"मी!"

"कुणासाठी आणला?"

"माझ्यासाठी!"

"म्हणजे साक्षीदार तुमचा. उलटतपासणी समोरच्या बाजूच्या साक्षीदाराची असते. आपल्याच साक्षीदाराची कुठं घेतात?"

दाजीसाहेब खुर्चीत पुढं सरकले.

"फितूर झाला म्हणून घेईन!"

"फितूर व्हायला आधी तुमच्याविरुद्ध बोलायला हवा. हे तर अजून चकार शब्द बोलले नाहीत!"

दाजीसाहेबांचा हात थापेसाठी वर गेला आणि तसाच राहिला. मग खाली आला तो थेट पोटावर! हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी, मी साक्षीदार फोडतो, आज तू मलाच फोडलंस! आण तो तुझा कॉलेजचा कागद!" सही करून ते माझ्याकडं वळले. "आणि तू पुन्हा आपल्या जागेवर सरक. हिची खुर्ची दाराशी नाही, इथं, माझ्या शेजारी!"

मी खांद्यावरच्या पंच्यानं खुर्ची पुसली. दोनदा पुसली.

"पण काय हो गुरव," दाजीसाहेबांनी डोळे टिपत विचारलं, "आज तुम्ही गप्प कसे?"

बाबूनं नसीमकडं पाहिलं. त्याचे गाल फुगले, ओठ थरथरले. मग तो उठला, हात जोडले, चपला पायांत सरकवल्या आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.