बारा पंचकोन

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या वृद्ध आचार्यांच्या दारात प्रबंध घेऊन उभी राहिली आणि कडी वाजवायला तिचा हात धजेना. चार वर्षे तिने एकच काम केले होते. बंद पेटीत ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडायची आणि जमलेली काजळी द्रावकात भिजवायची. काजळीत कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ पिंजरा तयार झाला असेल, तर द्रावक जांभळे होते. चाळीसपैकी नऊ वेळा ते झालेच नाही. ते नऊ प्रयोग तिने प्रबंधातून गाळले होते आणि प्रबंध उद्या सादर व्हायचा होता. परीक्षकांनी खोदून विचारले तर चार वर्षे पाण्यात जातील, त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची, असे तिने मनाला समजावले होते. मन मात्र समजले नव्हते.

आचार्यांनी मसुदा आठवड्यापूर्वीच वाचला होता. शेवटी तिने कडी वाजवली, तेव्हा त्यांनी तिला आत बसवले. आगकाड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे तिच्यापुढे सरकवून ते म्हणाले, "नुसते षटकोन जोड. त्यांचा चेंडू करून दाखव."

चोराच्या मनात चांदणे! यांना कळले असेल का, याच विचारात तिने काड्या उचलल्या. षटकोनाला षटकोन जोडत गेली, तशी जाळी चटईसारखी पसरत गेली. जबरदस्तीने वाकवली तेव्हा काड्या निसटून पडल्या.

"नाही जमत, सर."

आचार्यांनी जाळीच्या मधल्या षटकोनाची एक काडी काढली, तिला लागून असलेला एक षटकोन सोडवला आणि उरलेले पाच शेजारी एकमेकांना जुळवले. जाळी वाटीसारखी उचलली गेली.

"हा पंचकोन," ते म्हणाले. "चटईच्या दृष्टीने ही खोटच. पण असे बारा पंचकोन असल्याशिवाय हा पिंजरा मिटत नाही, मग अणू साठ असोत की सत्तर. वाकल्यामुळे त्याच्यात ताण येतो, आणि त्या ताणामुळेच तो इतर रेणूंशी जोडला जातो. अगं, प्रयोगशाळेत कांड्यांच्या चाळीस जोड्या संपल्या आणि तुझ्या प्रबंधात प्रयोग एकतीसच. बाकीचे कुठे ठेवलेस?"

तिला रडू कोसळले. लाज वाटली आणि हायसेही वाटले. तिने पिशवीतून प्रयोगांची मूळ वही काढली. ज्या नऊ पानांकडे तिने भीतीने वळूनही पाहिले नव्हते, ती आज पहिल्यांदा ओळीने वाचली. वाचता वाचता ती थबकली.

"सर, हे नऊही पेटी धुतल्यानंतरचे पहिलेच प्रयोग आहेत. आत ओल राहत असेल!"

"मग ते तपासायला हवे."

"उद्या सादर नाही करत. परीक्षक उशीर का झाला विचारतील..."

"विचारतीलच. भीती वाटते?"

"वाटते," ती म्हणाली आणि नऊ पानांना खुणा घालू लागली.

आपल्या कामाची हकिकत सांगताना आपण कोणती पाने गाळतो, हे ज्याचे त्याने एकदा पाहावे.